एका देणगीचा इतिहास

(नभोवाणीवर झालेलें भाषण)

ज्या यंत्राच्या द्वारें माझे हे शब्द आपल्या दिवाणखान्यांत पोंचत आहेत, त्या यंत्राशीं आजच्या विषयाचें अगदी जवळचें नातें आहे. पुष्कळ मराठी घरांत भिंतीवरील फळीवर, विणलेल्या रुमालाखालीं, जो रेडिओ एके काळीं घरांतील वडील माणसाच्या मानानें बसलेला असे, त्याच्या दर्शनी बाजूवर 'फिलिप्स' हें नांव आपण वाचलें असेल. ही डच कंपनी दिव्यांच्या विक्रीसाठीं १९३० सालीं कलकत्त्यास आली. १९४८ सालीं तिनें तेथें रेडिओ तयार करण्यास आरंभ केला, आणि १९५९ सालीं तिचा रेडिओचा दुसरा कारखाना आपल्या पुण्याजवळ उभा राहिला. बातम्या, कीर्तनें, नाट्यगीतें आणि क्रिकेटच्या सामन्यांचीं वर्णनें कित्येकांनीं प्रथम ऐकलीं तीं याच घराण्याच्या पेट्यांतून. त्या घराण्याचें मूळ गांव हॉलंडच्या दक्षिण भागांत, ब्राबांट प्रांतांत आहे. गांवाचें नांव आइंडहोव्हन. आणि त्या गांवांत फिलिप्सचें नांव धारण करणारा एक फुटबॉल क्लब शंभरांहून अधिक वर्षें नांदत आहे. त्याला 'पी. एस. व्ही.' असें म्हणतात. 'फिलिप्स क्रीडा संघ' या अर्थाच्या डच शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत.

खेळाच्या क्लबाचा इतिहास म्हणजे हारजितींची जंत्री, अशी आपली सामान्यतः समजूत असते. तसली जंत्री आज मला वाचून दाखवावयाची नाहीं. मला सांगावयाचें आहे तें निराळेंच. एका कारखानदारानें आपल्या नोकरांच्या करमणुकीसाठीं एक मैदान आणि एक चेंडू दिला. दात्याचें नांव त्या वस्तूला चिकटलें, तें आजतागायत चिकटलेलें आहे. परंतु ती वस्तु मात्र दात्याची राहिली नाहीं. ती गांवाची झाली. हें कसें झालें, आणि त्यासाठीं दात्याला व घेणाऱ्याला काय काय करावें लागलें, तें पाहण्यासारखें आहे.

कारखान्याचा जन्म १८९१ सालचा. जेरार्ड फिलिप्स नांवाच्या एका तरुण यंत्रशास्त्रज्ञानें, झाल्टबोमेल येथील सराफी पेढी चालविणाऱ्या आपल्या वडिलांच्या, म्हणजे फ्रेडरिक फिलिप्स यांच्या, भांडवलावर आइंडहोव्हन येथें विजेचे दिवे करण्यास प्रारंभ केला. गंमत अशी कीं, हे फ्रेडरिक कार्ल मार्क्सचे सख्खे मावसभाऊ होते. मार्क्स आपल्या या मावशीच्या घरीं मुक्कामास येत असे, आणि पैशाची तंगी पडली म्हणजे काकांपुढें, म्हणजे मावशीच्या यजमानांपुढें, हात पसरीत असे. भांडवलशाहीचा सर्वांत मोठा टीकाकार आणि युरोपांतील एका बलाढ्य भांडवलदार कंपनीचा जनक, हे दोघेही एकाच घरच्या ओटीवर बसलेले होते! त्या काळीं हॉलंडांत पेटंटचा कायदाच नव्हता. १८६९ सालीं तो रद्द झाला होता, आणि नवा कायदा अंमलांत आला तो १९१२ सालीं. त्यामुळें एडिसनच्या शोधाचा उपयोग करून घेण्यास जेरार्डला कोणाचीही परवानगी मागावी लागली नाहीं. तरी पहिलीं कांहीं वर्षें तोट्यांतच गेलीं. पुढें १८९५ सालीं धाकटा भाऊ आंतॉन कारखान्यांत आला आणि चक्र फिरलें. जेरार्ड दिवे करी, आंतॉन ते विकी. १८९८ सालीं रशियाच्या झारच्या राजवाड्यासाठीं त्यानें एकदम पन्नास हजार दिव्यांची मागणी मिळविली.

आइंडहोव्हन हें त्या वेळीं चारपांच हजार वस्तीचें खेडेवजा गांव होतें. विड्या, आगपेट्या आणि कापड यांचे लहानमोठे धंदे तेथें चालत. दिव्यांच्या नाजूक कामासाठीं आसपासच्या खेड्यांतून तरुण मुली कामावर येऊं लागल्या. पुढें तर उत्तरेकडील ड्रेंथे प्रांतांतून मुलींचा भरणा असलेलीं अख्खीं कुटुंबें आणून वसविण्यांत आलीं. माणसें आलीं म्हणजे त्यांना घरें हवींत. १९१० च्या सुमारास कंपनीनें स्ट्रायप या शेजारच्या खेड्यांत कामगारांसाठीं एक वसाहत बांधण्यास घेतली. तिला 'फिलिप्सचें गांव' असेंच नांव पडलें. घर फिलिप्सचें, मुलाची शाळा फिलिप्सची, आजारपणांत दवाखाना फिलिप्सचा, आणि म्हातारपणीं निवृत्तिवेतनही फिलिप्सचेंच! याच वसाहतीच्या कडेला एक क्रीडांगण आंखण्यांत आलें आणि कारखान्यांतील गड्यांचा एक फुटबॉल संघ उभा राहिला. त्या मैदानावर पहिला चेंडू मारण्याचा मान आंतॉनच्या पांच वर्षांच्या मुलाला देण्यांत आला. त्याचें नांव फ्रिट्स. हें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, कारण या कथेंत तें अखेरपर्यंत आपल्याबरोबर राहणार आहे.

क्लब आपला जन्मदिवस मानतो तो ३१ ऑगस्ट १९१३ हा. नेपोलियनच्या फ्रेंच अंमलांतून हॉलंड मुक्त झाल्यास त्या वर्षीं शंभर वर्षें होत होतीं, आणि त्यानिमित्त फिलिप्स कंपनीनें आपल्या नोकरांसाठीं खेळांचा व शर्यतींचा मोठा उत्सव केला. त्या उत्सवांतून हा क्रीडासंघ निघाला. संघाच्या लाल व पांढऱ्या रंगांविषयीं एक आख्यायिका सांगतात. सभा चालू असतां हॉफकेस नांवाच्या पुढाऱ्यापुढें रासबेरीच्या सरबताचा लाल पेला आणि पांढऱ्या कागदांची वही होती. तेवढ्यावरून सदऱ्याचा रंग ठरला! गोष्ट खरी असो वा रचलेली असो, पण लाल पट्ट्यांचा तो सदरा पुढें तेथल्या पिढ्यान् पिढ्यांच्या अंगावर चढला.

परंतु त्या वेळीं हा क्लब गांवाचा होता असें कोणी म्हणूं लागेल, तर तें खरें नव्हे. तो कारखान्याचा होता, आणि आरंभीं कारखान्यांत नोकरी असल्यावांचून त्यांत प्रवेशही नव्हता. ब्राबांट प्रांत कट्टर कॅथलिक. फिलिप्स घराणें प्रॉटेस्टंट. ब्राबांटमधील माणूस मोकळ्या स्वभावाचा, गप्पिष्ट, सणावारांची हौस असणारा. आणि हे बाहेरून आलेले मालक घड्याळाच्या कांट्यावर चालणारे. ज्यांच्या हातीं पोट आहे, त्यांच्याच हातीं खेळही जावा, हें पुष्कळांना रुचत नसे. गांवांत १९०९ सालापासून 'आइंडहोव्हन' याच नांवाचा निळ्यापांढऱ्या रंगाचा दुसरा क्लब होता, आणि 'आमचा' म्हणून ज्यांना एखादा क्लब हवा असे, ते तिकडे जात. चांगला खेळाडू दिसला कीं फिलिप्सवाले त्याला कारखान्यांत जागा देऊन आपल्या संघांत ओढतात, असा बाहेरच्या क्लबांचा आक्षेप होता, आणि तो निराधार नव्हता. कारण हॉलंडांत १९५४ पर्यंत पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यास बंदी होती. पगार देतां येत नाहीं, पण नोकरी देतां येते; आणि नोकरी देण्याच्या बाबतींत फिलिप्सची बरोबरी कोण करणार?

१९२९ सालीं पी. एस. व्ही.नें पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेंतील शेअरबाजार कोसळला, आणि पुढच्या तीनचार वर्षांत आइंडहोव्हनमधील हजारों माणसांच्या नोकऱ्या गेल्या. एकाच धन्यावर अवलंबून असलेल्या गांवाची अवस्था अशा प्रसंगीं काय होते, हें आपल्याकडील गिरणगांव ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना सांगावयास नको. घर कंपनीचें असल्यामुळें नोकरीबरोबर घराचीही चिंता. कंपनी आई असते तोंपर्यंत ठीक. पण ही आई केव्हां सावत्र होईल याचा भरंवसा नसतो, ही गोष्ट त्या वर्षांनीं गांवाला शिकविली.

तरीही त्या संकटांतून कंपनी तगली ती रेडिओच्या बळावर. १९२७ च्या मार्च महिन्यांत आइंडहोव्हन येथील प्रयोगशाळेंतून लघुलहरींवर सोडलेला आवाज हजारों मैलांवरील जावा बेटांत स्पष्ट ऐकूं आला, आणि लवकरच राणी विल्हेल्मिना हिनें त्याच प्रयोगशाळेंतून वसाहतींतील आपल्या प्रजेला उद्देशून भाषण केलें. त्याच वर्षीं फिलिप्सचा पहिला रेडिओ बाजारांत आला. १९३२ पर्यंत दहा लक्ष रेडिओ विकले गेले, आणि त्या धंद्यांत या कंपनीनें जगांत पहिला क्रमांक मिळविला. १९३५ सालीं क्लबानें दुसरें अजिंक्यपद जिंकलें. कारखान्याचें आणि क्लबाचें दैव असें एकाच दोरीला बांधलेलें होतें.

मग युद्ध आलें. १९४० च्या मे महिन्यांत जर्मन सैन्यानें हॉलंड पादाक्रांत केलें. वृद्ध आंतॉन व इतर चालक समुद्रापलीकडे निघून गेले. मागें राहिला तो फ्रिट्स, मैदानावर पहिला चेंडू मारणारा तोच मुलगा, आतां पस्तीस वर्षांचा. क्लबाचे सभासद म्हणजे या कारखान्याचींच माणसें. म्हणून कारखान्याची युद्धकथा हीच क्लबाचीही युद्धकथा समजावी. ६ डिसेंबर १९४२ रोजीं, रविवारीं दुपारीं, जर्मनांच्या उपयोगीं पडणारा हा कारखाना उद्ध्वस्त करण्यासाठीं इंग्रजांचीं ९३ विमानें अगदी खालून उडत आलीं. रविवार निवडला होता तो कामगारांचे प्राण वांचावेत म्हणून. तरीही कारखान्याभोंवतालच्या आळ्यांत दीडशेच्या घरांत माणसें मेलीं. मित्राच्याच हातून आलेलें हें मरण. त्यावर रागवावें कीं शोक करावा, हें ठरविणेंही कठीण.

१९४३ च्या एप्रिलअखेर देशभर संप झाला. त्यांत फिलिप्सचे कामगार सामील झाले. जर्मनांनीं आइंडहोव्हनमध्यें कामगारांना गोळ्या घातल्या आणि फ्रिट्सला कांहीं महिने अटकेंत ठेविलें. जवळच्या फूख्ट येथील छळछावणींत फिलिप्सनें एक कार्यशाळा चालविली होती. तेथें काम करणाऱ्या कैद्याला दिवसांतून एक वेळ गरम अन्न मिळे, आणि मुख्य म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्या मृत्यूच्या गाडींतून त्याचें नांव कांहीं काळ तरी वगळलें जाई. 'हे कुशल कारागीर आहेत, यांच्यावांचून काम अडेल' हा मुद्दा फ्रिट्स सतत पुढें करीत राहिला. अखेर १९४४ च्या जूनमध्यें तेथील ४६९ ज्यू लोकांना आउश्विट्झला नेण्यांत आलेंच. पण त्यांपैकीं ३८२ जण युद्धानंतर जिवंत राहिले. त्या काळचें प्रमाण पाहतां हा आंकडा असाधारण आहे, कारण हॉलंडमधील दर चार ज्यूंपैकीं तिघे मारले गेले. या कार्यासाठीं इस्रायलनें पुढें फ्रिट्सचा सन्मान केला. मात्र हाच कारखाना त्याच काळांत जर्मनांसाठीं मालही तयार करीत होता, हेंही विसरतां येत नाहीं. कारखाना चालू ठेवणें आणि माणसें वांचविणें या दोन गोष्टी येथें एकमेकींत गुंतलेल्या होत्या, आणि त्यांतलें पाप व पुण्य वेगळें करणें इतिहासकारांनाही सोपें गेलेलें नाहीं.

१८ सप्टेंबर १९४४ रोजीं अमेरिकन छत्रीधारी सैनिकांनीं आइंडहोव्हन मुक्त केलें. गांव रस्त्यावर येऊन नाचलें. दुसऱ्याच दिवशीं रात्रीं जर्मन विमानांनीं गांवावर बॉम्ब टाकले, त्यांत २२७ माणसें ठार झालीं. आनंद आणि आकांत यांच्यामध्यें एका दिवसाचेंही अंतर नव्हतें. ज्या गांवानें मालकासह हें सर्व एकत्र सोसलें, त्याचें मालकाशीं नातें पूर्वीसारखें कसें राहील? युद्धापूर्वीं गांवाला फिलिप्स म्हणजे पगार देणारा वाटे. युद्धानंतर 'मेनेर फ्रिट्स', म्हणजे आपल्या भाषेंत 'फ्रिट्सराव', हें घरांतलें नांव झालें.

१९५० सालीं राष्ट्रीय चषक आणि १९५१ सालीं तिसरें अजिंक्यपद, अशी युद्धोत्तर काळाची सुरुवात झाली. १९५४ सालीं डच संघटनेनें धंदेवाईक खेळास मान्यता दिली. त्याच वर्षीं अजिंक्यपद कोणी मिळवावें? पी. एस. व्ही.नें नव्हे, तर गांवांतल्याच त्या निळ्यापांढऱ्या 'आइंडहोव्हन' क्लबानें! कारखान्याच्या क्लबाला गांवच्या क्लबानें दिलेला हा शेवटचा मोठा टोला होता. पैसा उघडपणें मैदानांत उतरल्यावर ज्याच्या पाठीशीं कारखाना, त्याचेंच पारडें जड व्हावें हें ओघानेंच आलें. १९५५ सालीं युरोपीय चषकाच्या अगदी पहिल्या स्पर्धेंत हॉलंडतर्फे पी. एस. व्ही. उतरला, व्हिएन्नाच्या संघानें त्याला आपल्या घरीं ६-१ असें झोडपलें, आणि आइंडहोव्हनमधील परतीच्या सामन्यांतला १-० हा विजय अश्रु पुसण्यापुरताच ठरला. पण १९५६-५७ च्या हंगामांत कून डिलेन या खेळाडूनें एकट्यानें ४३ गोल केले. लोक त्याला 'तोफ' म्हणत. डच लीगच्या एका हंगामांतील हा उच्चांक पुढें कित्येक दशकें कोणाला गांठतां आला नाहीं. १९६३ सालीं, क्लबाच्या पन्नासाव्या वर्षीं, पुन्हां अजिंक्यपद मिळालें.

या सुमारास फ्रिट्स हा सर्व कंपनीचा अध्यक्ष होता. जगांतील अनेक देशांत त्याचे कारखाने पसरलेले होते. पण सामन्याच्या दिवशीं तो बड्या पाहुण्यांच्या कक्षांत बसत नसे. सर्वसाधारण प्रेक्षकांत, 'ड' विभागांत, २२ व्या रांगेंत, ४३ क्रमांकाच्या खुर्चीवर तो बसे. एका बाजूला त्याच्याच कारखान्यांतला फिटर असेल, दुसऱ्या बाजूला एखादा शेतकरी असेल. संघ हरला तर तिघेही सारखेच हळहळत. ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. परंतु देणगी देऊन उंच आसनावर बसणारे दाते आपण पुष्कळ पाहतों. देऊन झाल्यावर घेणाऱ्यांच्या रांगेंत येऊन बसणारा विरळाच. माझ्या मतें या क्लबाच्या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाची जागा कोणती असेल, तर ती ही ४३ क्रमांकाची खुर्ची होय.

खेळाच्या दृष्टीनें सुवर्णकाळ उजाडला तो सत्तरीच्या दशकांत. जवळच्याच हेल्मंड गांवाहून १९६४ सालीं विली व्हान डर काउलेन नांवाचा एक लाजाळू मुलगा आला होता. त्यानें पी. एस. व्ही.कडून लीगच्या सामन्यांत ३०८ गोल केले, आणि आयुष्यांतील उमेदीचीं वर्षें याच सदऱ्यांत घालविलीं. लोक त्याला 'मिस्टर पी. एस. व्ही.' म्हणूं लागले. प्रशिक्षक कीस रेव्हर्स यांच्या हाताखालीं, व्हान डी केरखोफ या जुळ्या भावांच्या साथीनें, क्लबानें १९७५, १९७६ आणि १९७८ सालीं अजिंक्यपदें जिंकलीं. १९७८ सालींच उपांत्य फेरींत बार्सिलोनाला बाजूला सारून आणि अंतिम फेरींत कॉर्सिका बेटावरच्या बास्तिया संघाचा घरच्या मैदानावर ३-० असा पराभव करून यू. ई. एफ. ए. चषक मिळविला. ॲमस्टरडॅम व रॉटरडॅम या बड्या शहरांतील लोक आइंडहोव्हनकरांना हिणवून 'शेतकरी' म्हणत. आइंडहोव्हनकरांनीं ती शिवी उचलून मिरवायला सुरुवात केली. मैदानावर ते स्वतःच अभिमानानें आपल्याला शेतकरी म्हणवून घेऊं लागले. कारखान्यांतून जन्मलेल्या क्लबाला शेतकऱ्यांचा क्लब म्हणवून घेण्यांत भूषण वाटूं लागलें, यावरून तो कोणाचा झाला होता तें दिसतें.

कळस चढला तो २५ मे १९८८ रोजीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें. युरोपीय चषकाचा अंतिम सामना पोर्तुगालच्या बेनफिकाशीं होता. येथवर आलेल्या पी. एस. व्ही.ची वाटचाल मोठी चमत्कारिक होती. उपांत्यपूर्व फेरीपासून पुढें त्यानें एकही सामना जिंकलेला नव्हता! बोर्दोशीं दोन्ही सामने बरोबरींत, माद्रिदच्या बलाढ्य रेआलशीं दोन्ही सामने बरोबरींत. परक्या मैदानावर केलेल्या एकेका गोलाच्या आधारानें हा संघ पुढें सरकत आला होता. अंतिम सामनाही शून्याशून्यानें सुटला आणि पेनल्टीवर निकाल ठरला. दोन्ही बाजूंनीं पांच पांच गोल झाले, पी. एस. व्ही.नें सहावाही केला. मग बेनफिकाचा व्हेलोसो पुढें आला, आणि गोलरक्षक हान्स व्हान ब्रूकेलेन यानें उजवीकडे झेप घेऊन त्याचा चेंडू अडविला. या झेपेमागें दैवापेक्षां गृहपाठ अधिक होता. क्लबाचे माजी प्रशिक्षक जान रेकर यांना निरनिराळ्या खेळाडूंच्या पेनल्टी मारण्याच्या लकबी कार्डांवर टिपून ठेवण्याची संवय होती, आणि सामन्यापूर्वीं व्हान ब्रूकेलेननें त्यांना दूरध्वनी करून ती माहिती विचारून घेतली होती. खुस हिडिंक या प्रशिक्षकाच्या त्या संघानें त्याच हंगामांत लीग आणि राष्ट्रीय चषकही जिंकला. प्रयोगशाळेच्या गांवाला शोभेल असाच हा विजय होता.

अर्थात् या यशांत पैशाचा वांटा मोठा होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. १९८२ सालापासून खेळाडूंच्या छातीवर 'फिलिप्स' हीं अक्षरें झळकूं लागलीं होतीं. रूट गुलिटसारखा खेळाडू प्रतिस्पर्धी क्लबाकडून घेणें, ब्राझीलहून रोमारिओला व पुढें तरुण रोनाल्डोला आणणें, या गोष्टी एका लहानशा शहराच्या तिकिटविक्रीवर होण्यासारख्या नव्हत्या. टीकाकार म्हणत कीं, हा क्लब नव्हे, ही जाहिरात आहे. पाठीवरचा हात निघाला कीं हें बुजगावणें कोसळेल. या भाकिताची कसोटी लवकरच लागावयाची होती.

१९९० सालीं फिलिप्स कंपनी भयंकर संकटांत सांपडली. जपानी व इतर आशियाई मालापुढें तिचा टिकाव लागेना. त्या वर्षीं सुरू झालेल्या काटकसरींत जगभरच्या सुमारें ४५,००० जागा कमी झाल्या. आइंडहोव्हनमधील कारखाने एकामागून एक ओस पडले. १९९७ सालीं तर कंपनीनें आपली मुख्य कचेरी ॲमस्टरडॅमला हलविण्याचें जाहीर केलें. शंभर वर्षें ज्या घराण्याभोंवतीं गांव वाढलें, त्यानें बिऱ्हाड हलवावें, हा घाव आर्थिक होता त्याहून अधिक मानसिक होता.

आतां क्लबाचें काय? ज्या संस्थेचा जन्म एका कंपनीच्या कृपेंतून झाला, ती त्या कंपनीबरोबरच लयास जाते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. आपल्या मुंबईंतच 'महिंद्र युनायटेड' हा कंपनीचा फुटबॉल संघ २००६ सालीं राष्ट्रीय लीगचा विजेता होता, आणि चारच वर्षांनीं, २०१० सालीं, चालकांनीं तो बंद केला. निर्णय कंपनीचा होता आणि संघही कंपनीचा होता. तेव्हां त्यांत कोणाला आडवें येण्याचें कारणच नव्हतें. आइंडहोव्हनमध्यें तसें घडलें नाहीं. १९९९ सालीं धंदेवाईक फुटबॉलचा विभाग एका स्वतंत्र कंपनीच्या स्वरूपांत वेगळा करण्यांत आला. तिचे एक सोडून बाकीचे सर्व भाग एका न्यासाच्या स्वाधीन केले गेले. तो उरलेला एक भाग कोणाकडे गेला? याच नांवाच्या हौशी फुटबॉल संघाकडे, म्हणजे रविवारीं सकाळीं केवळ आवडीखातर चेंडू खेळणाऱ्या मंडळींकडे. या व्यवस्थेंत एखाद्या धनाढ्यानें पैशाची थैली घेऊन यावें आणि क्लब विकत घ्यावा, अशी सोय ठेविलेली नाहीं.

खरी परीक्षा २०११ सालीं झाली. क्लब कर्जांत बुडाला होता. त्या वेळीं आइंडहोव्हनच्या नगरपालिकेनें क्रीडांगणाखालची जमीन ४ कोटी ८० लक्ष युरोंहून अधिक रक्कम देऊन विकत घेतली आणि ती क्लबाला दीर्घ मुदतीच्या भाड्यानें परत दिली. शहरांत मोठा वाद माजला. ग्रंथालयें, वृद्धांची सेवा, शाळा यांना पैसा अपुरा पडत असतां नागरिकांच्या करांतून लक्षाधीश खेळाडूंच्या क्लबाला आधार कां द्यावा, हा प्रश्न अगदी योग्य होता, आणि तो विचारणारे क्लबाचे शत्रू नव्हते. हें सरकारी अनुदानच नव्हे काय, याची चौकशी युरोपच्या आयोगानेंही केली. २०१६ सालीं व्यवहार निर्दोष ठरला. मला या वादांत महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, तो वाद झाला. १९१३ सालीं मैदान देतांना गांवाला कोणी विचारलें नव्हतें, कारण देणारा एक होता आणि पैसाही त्याचाच होता. २०११ सालीं प्रत्येक नागरिकाला बोलण्याचा अधिकार होता, कारण खिसा त्याचा होता. फुकट मिळालेल्या वस्तूविषयीं कोणी भांडत नाहीं. जी आपली आहे आणि जिची किंमत आपण मोजतों, तिच्याविषयींच माणूस पोटतिडकीनें भांडतो.

२०१६ सालीं, ३४ वर्षांनंतर, खेळाडूंच्या छातीवरचें फिलिप्सचें नांव उतरलें. २०१९ सालीं तेथें आलें तें कोणा एका मालकाचें नांव नव्हे. आइंडहोव्हन परिसराचेंच नांव आलें. त्या परिसरांतील अनेक उद्योगांनीं एकत्र येऊन हा भार उचलला. त्यांत फिलिप्स ही एक भागीदार होती, आणि तिच्याच सहभागानें १९८४ सालीं स्थापन झालेली, संगणकाच्या सूक्ष्म पट्ट्या घडविणारीं यंत्रें बनवून जगप्रसिद्ध झालेली ए. एस. एम. एल. ही कंपनीही होती. आधार काढून घेतल्यावर क्लब कोसळेल, हें भाकित खोटें ठरलें. २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठच्या दोन वर्षीं राष्ट्रीय अजिंक्यपद पुन्हां आइंडहोव्हनला आलें.

फ्रिट्स फिलिप्स हें सर्व पाहावयास राहिले नाहींत. २००५ च्या एप्रिलमध्यें त्यांनीं वयाचीं शंभर वर्षें पुरीं केलीं, आणि त्याच वर्षीं ५ डिसेंबर रोजीं ते वारले. पांच वर्षांचे असतां ज्या मैदानावर त्यांनीं पहिला चेंडू मारला, तेथेंच पुढें मोठें क्रीडागार उभें राहिलें, आणि त्याच्या भोंवतीं कामगारांच्या त्या जुन्या वसाहतींतील घरें अजून आहेत. एका माणसाच्या आयुष्यांत तें मैदान कारखान्याचें होतें तें गांवाचें झालें. क्रीडागारावर नांव मात्र फिलिप्स हेंच राहिलें आहे, आणि तें पुसावें असें कोणाला वाटलेलें नाहीं. बापानें दिलेलें नांव मुलगा कर्ता झाल्यावर टाकून देत नाहीं, तसेंच हें आहे.

श्रोतेहो, आपल्याकडेही दात्यांची वाण नाहीं. शाळा, वाचनालयें, तालमी, धर्मशाळा यांवर त्यांचीं नांवें आपण नित्य वाचतों. त्यांतल्या किती संस्था दात्याच्या पश्चात् नांदत्या राहिल्या आणि किती नुसत्या पाटीपुरत्या उरल्या, याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या गांवांत मांडून पाहावा. आइंडहोव्हनचा इतिहास सांगतो तो एवढाच कीं, देणाऱ्यानें वेळीं हात सैल करावा आणि घेणाऱ्यानें वेळीं खांदा द्यावा. यांपैकीं एक जरी चुकला असता, तरी लाल पट्ट्यांचा तो सदरा आज एखाद्या संग्रहालयांतल्या कांचेच्या कपाटांत टांगलेला आपण पाहिला असता.